निळ्या ताडपत्रीखालचं शहाणपण

काल संध्याकाळी तुझ्या दारावरून गेलो. आत आलो नाही. आलो असतो तर तुझ्या बायकोसमोर बोललो असतो, आणि ते तुला झेपलं नसतं. म्हणून लिहितोय. बसून वाच. "हो काका, खरंय काका" म्हणून विषय बदलायची सोय इथे नाही.

ड्राइव्हवेवर काय दिसलं सांगू? निळी ताडपत्री. चार कोपऱ्यांवर चार विटा. खाली तुझी गाडी, १९९४ची मियाटा. नोव्हेंबर महिना, मिशिगन, आणि वर प्लास्टिक! अरे, गावाकडे सरपणावर टाकतात ही ताडपत्री, आणि सरपणसुद्धा तिच्याखाली बुरशी धरतं. आतली दमट हवा बाहेर पडत नाही. वारा सुटला की ताडपत्री फडफडते, आणि तिच्याखाली धूळ असली की रंगावर पॉलिश पेपर फिरल्यासारखं होतं. हे तुला मी सांगायचं? तुला?

तू पोटासाठी काय करतोस? गंज. तुझी नोकरीच गंजाची. बंद पेटी, ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश सेल्सिअस, आणि शेकडो तास फवारा. पत्र्याचे तुकडे टांगतोस, वेळ झाली की काढतोस, कुठे किती पोखरलं ते मोजतोस, अहवालावर सही ठोकतोस. दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाची ताटली हातात धरून अर्धा तास मला क्लोराइड ऐकवलंस. चकली मऊ पडली माझी. आणि घरी येऊन काय? तीच चाचणी दारात मांडलीस, स्वतःच्या गाडीवर. पेटीतला तुकडा ना तुझ्या ओळखीचा, ना देखीचा. त्याची वेळ मिनिटांत पाळतोस. हिच्यासाठी दोन वर्षं पैसे साठवलेस, हेडलाईट उघडमीट करताना लहान पोरासारखा हसलास, आणि हिला "पुढच्या रविवारी"?

आता तुझ्या सबबी. सगळ्या पाठ आहेत मला.

"काका, गॅरेजमध्ये जागा नाही." गॅरेज उघडं होतं, पाहिलंय मी. टीव्हीचं रिकामं खोकं. ज्यावर फक्त कपडे वाळतात ती ट्रेडमिल. आणि मधोमध गणपतीचं थर्माकोलचं मखर, उभंच्या उभं. बाप्पा गेले, मखर राहिलं. थर्माकोल गंजत नाही रे! ते आत आणि पत्र्याची गाडी बाहेर, हा हिशेब कुठल्या कॉलेजात शिकलास? जागा नाही असं म्हणू नकोस. खोकी उचलायचा कंटाळा आहे म्हण. निदान खरं तरी बोलशील.

"अजून एकदा चालवायची आहे. एखादा उबदार रविवार मिळेल." हा रविवार मी चाळीस वर्षं ऐकतोय. तो येतो, नाही असं नाही. पण त्याआधी बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी येऊन गेलेली असते. या शहराच्या पोटात हजार फुटांहून खाली मिठाची खाण आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी खोदली, आजही तिथलं मीठ रस्त्यावर पडतं. ज्या गावाने जगाला गाड्या दिल्या, त्याच्याच पायाखाली गाड्या खाणारं मीठ भरून ठेवलंय. रस्ता कोरडा दिसला म्हणून मीठ संपलं का? पांढरी साय दिसते ना डांबरावर? ती चाकाने उडते, पत्र्याच्या घडीत बसते आणि हवेतली ओल ओढून घेत हिवाळाभर काम करते. रविवारच्या वीस मिनिटांच्या मजेसाठी पाच महिन्यांचा फवारा. एकदा मीठ पडलं की संपलं. एप्रिलच्या पावसाने रस्ते धुतल्याशिवाय ही गाडी हलता कामा नये.

आणि ऑक्टोबरमध्ये सगळ्यांना पाठवलेला तो फोटो! गाडीवर मेपलची लाल पानं, मागे सूर्यास्त. पन्नास अंगठे मिळाले. ती पानं पुढे गेली कुठे, पाहिलंस? या गाडीच्या कापडी टपावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंना दोन नळ्यांतून उतरतं आणि मागच्या चाकांच्या पुढे खाली पडतं. पानांचा चोथा त्या नळ्यांत बसला की पाणी आत तुंबतं. मग दाराखालची पट्टी आतून कुजते. बाहेरून रंग झकास, आत पापड. मियाटा घेणारा माणूस पहिल्यांदा गुडघ्यावर बसून तिथेच बोट दाबून पाहतो. तूही घेताना दाबून पाहिलं होतंस, मी बाजूला उभा होतो. दोन हजार डॉलर कमी करून घेतलेस त्या मालकाकडून, "हिवाळ्याची काळजी घेतलेली दिसत नाही" असं सुनावून. आठवतंय? त्या बिचाऱ्याकडेही ताडपत्रीच असेल.

सगळ्यात राग येतो तो तुझ्या तिसऱ्या सबबीचा, कारण ती सबब शहाणपणाचा सदरा घालून येते. "आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करतो ना, काका!" वा. इंजिनिअर ना तू? मग कर गणित. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. थंडीत दहा मिनिटं जागच्या जागी फुरफुरलेल्या इंजिनातलं ते पाणी जाणार कुठे? सायलेन्सर तापत नाही, तिथेच साचतं. ऑईल तापत नाही, त्यात उतरतं. न जळलेलं पेट्रोलही सोबतीला. बॅटरी स्टार्टरने खाल्ली तेवढीसुद्धा भरून निघत नाही. म्हणजे दर रविवारी तू गाडीला आतून पाणी पाजतोस आणि वर काळजी घेतल्याचं समाधान मिळवतोस. काहीच केलं नसतंस तर कमी नुकसान झालं असतं. आणि गाडी आत घेतल्यावर गॅरेजचं दार लावून हे करणार असशील तर थांब. तो धूर माणूस मारतो. घराला लागून असलेल्या गॅरेजच्या भिंतीपलीकडे पोरंबाळं झोपलेली असतात. गाडीला झोपवायचं ठरलं की झोपू द्यायचं. मधेमधे उठवून "झोपलीस का?" विचारायचं नाही.

करायचं काय, ते तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, म्हणजे "कुणी सांगितलं नाही" ही चौथी सबब जन्मायच्या आत मरेल.

ऑईल आत्ता बदलायचं, वसंतात नाही. "काका, नवं ऑईल न चालवताच जुनं होईल." होऊ दे! वापरलेल्या ऑईलमध्ये आम्ल असतं, ओल असते. त्यात बेअरिंग पाच महिने भिजत ठेवायची? लोणचं घालतोयस का? पेट्रोलची टाकी काठोकाठ भर. अर्धी टाकी म्हणजे अर्धी दमट हवा, आणि आपल्या पेट्रोलमधलं १० टक्के इथेनॉल पाण्याला भावासारखं जवळ करतं. भरण्याआधी स्टॅबिलायझर ओत, मग गाडी पंधरावीस मिनिटं फिरव, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल. बाटली घेतलीयस, मला माहीत आहे. मागच्या वर्षी घेतलीस. शेल्फवर आहे, सील न तोडलेली. बाटलीने नुसतं शेल्फवरून पाहून पेट्रोल टिकत नाही.

बॅटरी. तुझ्या गाडीची बॅटरी डिकीत आहे, म्हणून तुला ती दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते तुझ्या लेखी नसतंच. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे १०च्या आसपासच गोठते आणि कवच फोडते. जानेवारीत पारा कुठे जातो ते तू दर वर्षी आईला फोनवर कौतुकाने सांगतोसच. मेंटेनर लाव. साधा चार्जर नव्हे, भरलं की आपण होऊन थांबणारा. वीज नसेल तर बॅटरी काढून घरात आण. वीस मिनिटांचं काम आहे. एका वेब सिरीजचा अर्धा भाग.

हँडब्रेक ओढून ठेवलायस. ताडपत्रीच्या फटीतून पाहिलं. पाच महिन्यांनी पॅड डिस्कला असे चिकटतील की हातोडी शोधशील. गिअरमध्ये ठेव, चाकांना लाकडी ठोकळे लाव. टायर उन्हाळी आहेत. कडाक्याच्या थंडीत त्यांचं रबर काचेसारखं होतं, तेव्हा गोठलेल्या टायरवर गाडी इकडेतिकडे सरकवायची नाही. दारावरच्या पट्टीवर हवा २६ लिहिलीय. साठवताना ३५च्या पुढे मार, टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत, म्हणजे एकाच जागी बसून चपटे होणार नाहीत. कूलंट तपास. टप वर करून, कोरडं करून ठेव. दुमडून ठेवलेलं कापड आखडतं. आणि या सगळ्याआधी गाडी धू, खालून धू, चाकांच्या कमानीतून पाईप फिरव. मग एक फेरी मारून ब्रेक वाळव. ओली गाडी झाकणं म्हणजे ओलं अंथरूण घडी करून कपाटात ठेवणं. झाकण कापडाचं हवं, हवा खेळणारं. विम्याच्या माणसाला फोन कर, हिवाळ्यापुरता रस्त्यावरचा भाग थांबवतात, चोरी-आगीचा चालू ठेवतात.

तुझं घर अलिबागकडचं ना? मग तुला आगोट हा शब्द माहीत असायला हवा. पावसाआधी तिकडे होड्या किनाऱ्यावर ओढतात, खरवडतात, तेल देतात, झापांनी शाकारतात. घरंही शाकारतात. १ जूनला मासेमारी बंद होते, म्हणून कोणी कोळी २ जूनला ओंडके शोधायला जात नाही. तुझ्या आजोबांकडे ना पदवी होती ना मिठाच्या फवाऱ्याची पेटी. पण मीठ लाकडाला आणि खिळ्याला काय करतं, हे त्यांना तुझ्या अहवालाआधी कळत होतं. आणि कळलं की ते उठायचे. तुझं कळणं आणि उठणं यांच्यामध्ये एक सोफा आहे.

राहता राहिले उंदीर. गॅरेजात ऊब, गाडीत फोम, एअर फिल्टरचा डबा म्हणजे त्यांना तयार बाळंतिणीची खोली. सायलेन्सरच्या तोंडात आणि हवा आत घेणाऱ्या नळीत तारेची घासणी कोंब. भांडी घासायची, न गंजणारी. आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांध: "घासण्या काढ." हसू नकोस. एका एप्रिलमध्ये मी चिठ्ठी बांधली नव्हती. "माझ्या लक्षात राहील," म्हणालो होतो. गाडी खोकली, दोन ढेकर दिले आणि बसली. टो करून नेली. मेकॅनिकने पाच मिनिटांत सायलेन्सरमधून घासणी उपसली आणि काही न बोलता माझ्या हातावर ठेवली. वर बिल. घरी सांगितलं बॅटरी गेली होती. तुझ्या काकूला आजपर्यंत हेच माहीत आहे, तेव्हा तुझ्याजवळच ठेव.

शनिवारी सकाळी आठला येतोय. मखर माझ्या तळघरात टाकू, तिथे जागा आहे. घासण्या मी आणतो. तू ताडपत्री काढून ठेव आणि खोकी फाडून रिसायकलिंगला लाव. मी आल्यावर "काका, चहा?" विचारू नकोस. आधी डिकी उघड.