वाचक आणि खातेदार

दर रविवारी मी एक ईमेल-पत्र लिहून धाडतो. वाचक ४१. त्यांत एक मी, आणि दोन पत्ते सौभाग्यवतींचे. पैकी एकाचा पासवर्ड ती विसरली आहे.

आता बँकेत माझ्या टेबलावरून रोज वीस-पंचवीस फॉर्म जातात आणि प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात ईमेलचा पत्ता! मोह केवायसीच्या फॉर्मवर भेटेल असे वाटले नव्हते. बरे, चोरी तरी कसली? खातेदाराचा रुपया जात नाही. १९७८ साली अमेरिकेत गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने न विचारता सुमारे ४०० जणांना संगणकाची जाहिरात एकदम धाडली. लोक भडकले, पण त्याच्या म्हणण्याप्रमाणे माल खपला.

इथे माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. ठेव हे बँकेचे देणे, मालमत्ता नव्हे. पत्ताही ठेवच की! ठेवी आपण वापरतो, कबूल. पण व्याज देतो. माझ्या विनोदाला व्याज म्हणण्याचे धाडस खुद्द मलाच होईना.

मामांचे नाव मात्र मी न विचारताच घातले होते. दर रविवारी त्यांच्यापुढे 'उघडले' अशी नोंद येई. भरून येऊन फोन केला.

"तू लिहितोस होय?" मामा म्हणाले. "नोकरी आहे ना अजून?"

पत्रातल्या अदृश्य चित्रावरून ही नोंद होते, आणि २०२१ पासून ॲपलचे मेल-ॲप ते चित्र आपणच उतरवून ठेवते. मामांचा फोन ॲपलचा.

नाव काढले. वाचक ४०.

"माझा विसरलेला पत्ता धरून?" ही म्हणाली.