त्यालाही विचारा

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या तांड्या-वाड्यांवरून ऊसतोडीच्या जोड्या कारखान्यांकडे निघतात. बोचक्यात भांडी, पीठ, कोयता. घरात स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असेल, तर त्याच्या गोळ्याही. कोण जाणार, कोण थांबणार, सगळं ठरतं. त्याला मात्र सहसा कुणी विचारत नाही.

त्यालाही विचारा.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयात मानसोपचार मिळतात. औषधानं भास कमी होतात. पण शेरडं राखायची की दुकानात बसायचं, हे त्यानं ठरवावं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तर आपल्यावर उपचार कसे व्हावेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क त्याला दिलाय.

आज गोळी हातावर ठेवताना, तिनं फार झोप येते का, हे त्यालाही विचारा. तो सांगेल ते पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या कानावर घाला.