सुवासाची साक्ष

मनुष्याच्या पाच ज्ञानेंद्रियांत नाक हे सर्वांत भोळे इंद्रिय होय, असे आमचे मत दिवसेंदिवस होत चालले आहे. डोळा एकदा फसला तर पुन्हा निरखून पाहतो. कान ऐकीव गोष्टीवर एकदम विश्वास ठेवीत नाही. जीभही थोडे चाखून मगच निर्णय देते. परंतु नाकाने एकदा 'वा!' म्हटले की बाकीची इंद्रिये, आणि त्यांच्या मागोमाग विवेकही, आपापली शस्त्रे खाली ठेवतात. हा सिद्धांत आम्ही कोणत्याही दर्शनग्रंथातून घेतलेला नाही. गेल्या नाताळात पन्नास ग्रॅमांच्या एका डब्याने तो आम्हांस शिकविला.

आमचा एक भाचा अमेरिकेत असतो. डिसेंबरच्या सुटीत तो घरी आला तेव्हा प्रत्येकासाठी काही ना काही घेऊन आला. आमच्या वाट्यास पाइपच्या तंबाखूचा एक डबा आला. भाचा लहान असताना आम्ही पाइप ओढीत असू, ही आठवण त्याने मनात जपली होती. तो आम्ही सोडून अकरा वर्षे झाली, ही वार्ता मात्र त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. "मामा, खास नाताळची आहे," तो म्हणाला. इंग्लंड-अमेरिकेकडे तंबाखूचे मिश्रण करणारे कित्येक कारखानदार दरवर्षी नाताळासाठी एक निराळे मिश्रण काढतात, आणि त्याची वाट पाहणारे रसिकही तिकडे पुष्कळ आहेत. प्रेमाने आणलेली वस्तू परत कशी करावी? आम्ही डबा घेतला, आणि घेतल्यावर उघडला.

उघडताच जो वास आला तो तंबाखूचा नव्हता. लवंग, दालचिनी, जायफळ, संत्र्याची साल आणि मागे कोठे तरी गुळाच्या पाकासारखा गोडवा! पश्चिमेकडे हा वास म्हणजे नाताळची मेजवानी. हे मसाले तेथे एके काळी पूर्वेकडून जहाजांनी येत आणि फार महाग पडत. म्हणून सणासाठी राखून ठेविले जात, आणि पुडिंगमध्ये व ऊन मद्यात घालून वर्षाच्या अखेरीस त्यांची हौस पुरविली जाई. आमच्या नाकाने मात्र नाताळ ओळखला नाही. त्याने नारळीपौर्णिमा ओळखली. लवंगांची फोडणी दिलेला नारळीभात, पुरणात किसून घातलेले जायफळ, आईच्या हाताचा वास: हे सर्व त्या परदेशी डब्यातून वर आले, आणि अकरा वर्षांचा निश्चय पाच मिनिटांत सैल झाला. 'आज सण आहे, एकदाच,' असे स्वतःस सांगून आम्ही खणातला जुना पाइप काढला व गॅलरीत जाऊन बसलो.

ही तंबाखू सिद्ध कशी होते, हे येथे सांगणे अवश्य आहे. बर्ली जातीच्या पानात साखर फार थोडी असते आणि त्याची घडण सच्छिद्र असते, त्यामुळे ते बाहेरचा रस चांगला शोषून घेते. अशी पाने प्रथम साखर, काकवी, ज्येष्ठमध इत्यादिकांच्या गोड द्रावणात मुरवितात. काहींस वाफ देऊन व दाबून काळी व मऊ करितात. आणि अगदी शेवटी वरून सुगंधी अर्क शिंपडतात. सारांश, जो वास नाकास भुलवितो तो पानाचा नव्हे. तो पानास बाहेरून नेसविलेला आहे.

पाइप पेटला. आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट घडली, जी पाइप ओढणारांत सर्वश्रुत असली तरी आम्ही विसरून गेलो होतो. सुगंधी तंबाखूचा खरा सुगंध ओढणाऱ्यास लाभत नाही. तो शेजाऱ्यास लाभतो. आमच्या तोंडात केवळ ऊन, ओलसर, अस्पष्टसा गोडवा होता. आणि अशी तंबाखू घाईने ओढली की जीभ चुरचुरते, तशी आमची चुरचुरू लागली. लवंग नाही, जायफळ नाही. परंतु घरातून सौभाग्यवती बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, किती छान वास सुटलाय!" त्यांच्या पाठोपाठ आमचा आठ वर्षांचा नातू आला. त्याने दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाला, "आजोबा, नारळीभातासारखा वास येतोय! मी मोठा झालो ना, की मीपण हीच ओढणार." आम्ही पाइप खाली ठेविला.

आता येथे आमचा वकील उभा राहून असे म्हणेल की, यात दोष तो काय? दुसऱ्यास त्रास होऊ नये म्हणून आपला धूर सुगंधित करणे हे सौजन्य होय. आपण देवापुढे उदबत्ती लावितो, अंगास अत्तर लावितो, कडू औषध मधात कालवून देतो, त्यास कोणी कपट म्हणत नाही. हा युक्तिवाद वरकरणी गोड आहे. परंतु औषधाच्या बाबतीत मधाखाली जे आहे ते हितकर असते, आणि मध ज्याच्या जिभेवर पडतो त्याचेच हित होते. येथे दोन्ही गोष्टी उलट आहेत. खाली जे आहे ते अहितकर, आणि गोडवा पोचतो तो ओढणाऱ्याकडे नव्हे, तर ज्याने त्याला हटकावे त्याच्याकडे.

अकरा वर्षांपूर्वी आमचा पाइप सुटला तो केवळ वैद्यांच्या उपदेशाने नव्हे. डॉल आणि हिल या इंग्रज संशोधकांनी 1950 साली धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. 1964 साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने पाइप ओढणे हे ओठाच्या कर्करोगाचे कारण असल्याचे मान्य केले. हे सर्व आम्ही वाचले होते, आणि वाचूनही ओढीत होतो. ज्ञानाने आमच्या हातचा पाइप सोडविला नाही. तो सोडविला तो सौभाग्यवतींच्या कपाळावरील आठीने. पाइप पेटला की ती आठी पडे, खिडकी उघडली जाई, शब्द एकही निघत नसे. आणि आमच्या सुखात रोज एक कण खडा लागे. मनुष्याची सदसद्विवेकबुद्धी त्याच्या अंतःकरणात वसते असे म्हणतात. आमचा अनुभव असा की, तिचा बराचसा भाग आपल्या माणसांच्या चेहऱ्यावर वसतो. सुवासाने त्या रात्री नेमकी ती आठी पुसून टाकली. न्यायालयात साक्षीदारास लाच देणे हा गुन्हा आहे. घरात त्याला आपण सौजन्य म्हणतो.

तंबाखूस हे नेसविणे काही आजचे नाही. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने 1604 साली तंबाखूविरुद्ध एक पुस्तिकाच लिहिली, आणि तिच्यात नाकाचीही तक्रार मांडली. आमच्या हातातला डबा त्याच्यापुढे उघडला असता, तर त्या बिचाऱ्याचा एक बळकट मुद्दा जागीच नाहीसा झाला असता. सुमारे त्याच काळी असद बेग हा अकबराचा वकील विजापुराहून परतला, तो तंबाखू घेऊनच. परंतु त्याने ती बादशहापुढे उघडीवाघडी ठेविली नाही. रत्नांनी मढविलेला सुंदर हुक्का सिद्ध करून मग नजर केली. दरबारी हकीमाने शंका काढली की, ही वस्तू आपल्या ग्रंथांत नाही. बादशहाने थोडे झुरके घेतले व पुढे सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र ती उचलून धरिली. पुढे जहांगिरास 1617 साली तंबाखूबंदीचे फर्मान काढावे लागले. तेव्हा डोळा भुलविला, आता नाक भुलवितात, एवढाच काय तो फरक.

राहता राहिली सणाची सबब. सण मनुष्यास थोडी मोकळीक देतो, आणि ती द्यावी असे आम्हांसही वाटते. आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्यास द्यूतप्रतिपदा हे नावच आहे. शिमग्यात जिभेस सूट आहे. परंतु त्या मोकळिकीस तिथीची मर्यादा असते, आणि दुसऱ्या दिवशी पाट उलटतो. पाइपात एका वेळी अडीच-तीन ग्रॅम तंबाखू मावते. पन्नास ग्रॅमांचा डबा संपावयास निदान सतरा-अठरा बैठका लागतात. सण एका दिवसाचा आणि त्याची सबब अठरा दिवसांची, हा हिशेब आम्हांस डबा हातात धरूनच सुचला.

मोठ्यांनी आपल्या हिशेबात स्वतःस फसवावे, तो त्यांचा प्रश्न. मुलाचे तसे नाही. अमेरिकेने 2009 साली कायदा करून लवंग, फळे इत्यादिकांचा स्वाद असलेल्या सिगारेटी बंद केल्या, कारण त्या स्वादाने कोवळी मुले ओढली जातात. मेंथॉलच्या सिगारेटी तेवढ्या वगळल्या, आणि पाइपची तंबाखू त्या कलमात आली नाही. कायद्याचे हे कलम आम्हांस पूर्वी किरकोळ वाटले होते. नातवाच्या तोंडून नारळीभाताचे नाव निघाले तेव्हा त्याचा अर्थ कळला. ज्या वासाशी त्याच्या मनात आजीचे स्वयंपाकघर जोडलेले आहे, त्याच वासाशी आम्ही नकळत एक विषारी वस्तू जोडून दिली होती. शिवाय सुगंधी झाला तरी धूर तो धूरच. शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या फुप्फुसांत तो नारळीभात म्हणून शिरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नातवास गॅलरीत बोलाविले. रात्रीचा पाइप तसाच होता. त्याच्या बुडाशी उरलेली काळी, ओली, चिकट तंबाखू आम्ही त्याला हुंगावयास दिली. ज्यास रात्रीच्या मैफलीस बोलाविले त्यास सकाळही दाखविली पाहिजे, असे आम्हांस वाटले. त्याने नाक मुरडले, तोंड फिरविले, आणि मग आमच्याकडे पाहून विचारले, "मग आजोबा, काल तुम्ही का ओढलीत?"

वास चांगला होता म्हणून, हे खरे उत्तर होते. आम्ही ते दिले. त्याचे समाधान झालेले दिसले नाही. आणि न होणेच योग्य होते.

डबा फेकून दिला, असे येथे लिहिता आले असते तर हा निबंध अधिक शोभून दिसला असता. परंतु भाच्याने सातासमुद्रांपलीकडून आणलेली वस्तू टाकवत नाही. तो कपाटात आहे. आम्ही स्वतःशी एवढेच ठरविले आहे की, पुन्हा उघडावयाचा तर घरात कोणी नसता उघडावा; 'छान वास' म्हणणारा साक्षीदार जवळ नसावा. तसे केल्यास त्या तंबाखूत आमच्यापुरते काय उरते, हे आम्हांस आता ठाऊक आहे: ऊन वाफ आणि चुरचुरणारी जीभ. तेव्हापासून घर पुष्कळदा रिकामे असते. डबा मात्र अद्याप उघडला गेलेला नाही.