संशयाचा धर्म

भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायाने संशयात्म्याविषयी दिलेला कठोर निर्णय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत होत आला असल्यामुळे, संशय म्हणजे श्रद्धेचा आणि म्हणून धर्माचा शत्रू, अशी आपली सहजच समजूत होऊन बसली आहे. परंतु त्याच परंपरेत वाढलेल्या गौतमाच्या न्यायसूत्रांनी आपल्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगोलग तिसरे स्थान संशयाला दिले, आणि भाष्यकार वात्स्यायनाने तर असे प्रतिपादिले की, जे मुळीच ज्ञात नाही किंवा ज्याचा निर्णय होऊन चुकला आहे त्याविषयी न्यायाची प्रवृत्ती होत नाही. ती होते केवळ संशयित अर्थाविषयी. गीतेला अभिप्रेत असलेला संशय साधकाचा निश्चय पोखरणारा, आणि नैयायिकांचा संशय ज्ञानाला वाट करून देणारा, असा भेद करून या दोहोंचा मेळ घालता येईल. तथापि एक तिसरा प्रश्न उरतोच : समोर आलेल्या अनोळखी माणसाविषयी संशय घेणे हा त्या माणसावर केलेला अन्याय आहे, की प्रसंगी ते आपले कर्तव्यही होऊ शकते?

या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकेतील विद्यापीठांच्या पोलीस कचेऱ्या माझ्या मनात वारंवार येतात. 1894 मध्ये न्यू हेवन शहराच्या पोलीस दलातील दोन शिपाई येल येथे खास नेमले गेले, तेथून या संस्थेचा आरंभ धरतात. आज तेथील बहुतेक मोठ्या विद्यापीठांचे स्वतःचे, अटकेचा अधिकार असलेले पोलीस दल असते, आणि त्यात तपासाचे काम करणारे डिटेक्टिव्हही असतात. त्यांच्या दफ्तरात बव्हंशी चोरीला गेलेल्या सायकली, ग्रंथालयाच्या मेजावरून नाहीसे झालेले संगणक, वसतिगृहातील मारामाऱ्या आणि धमकीची पत्रे यांच्याच फिर्यादी असतात. अधूनमधून मात्र बलात्कारासारखा किंवा खुनासारखा भीषण गुन्हाही त्यांच्यापुढे येतो. पेनसिल्व्हानियातील लीहाय विद्यापीठात 1986 मध्ये एका विद्यार्थिनीचा वसतिगृहातील तिच्या खोलीतच खून झाला. तिच्या आईबापांच्या खटपटीतून 1990 मध्ये कायदा झाला, आणि आपल्या हद्दीतील गुन्ह्यांचा तपशील सर्वांसमक्ष ठेवणे विद्यापीठांना भाग पडले.

ज्या प्रसंगाने हा प्रश्न मला खरोखर उलगडला, तो बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातला आहे. 2009 च्या ऑगस्ट महिन्याच्या 24 तारखेला फिलिप गॅरिडो नावाचा इसम दोन मुलींना बरोबर घेऊन विद्यापीठाच्या पोलीस कचेरीत आला आणि आवारात एक धार्मिक कार्यक्रम करण्याची परवानगी मागू लागला. कार्यक्रमांची व्यवस्था पाहणाऱ्या लीसा कॅम्पबेल यांना त्याच्या असंबद्ध बोलण्यापेक्षा त्या मुलींचे वागणेच अधिक खटकले. त्यांनी त्याला नकार दिला नाही, हाकलूनही दिले नाही. दुसऱ्या दिवशी येण्यास सांगितले, आणि मध्यंतरी पोलीस अधिकारी ॲली जेकब्स यांनी त्याचे पूर्ववृत्त तपासले. अपहरण आणि बलात्कार या गुन्ह्यांत शिक्षा होऊन तो पॅरोलवर सुटलेला आहे, असे निघाले. दुसऱ्या दिवशीच्या भेटीत जेकब्स स्वतः बसल्या. मुली फिकट होत्या, आणि त्यांची उत्तरे पढवून ठेवल्यासारखी होती. कोणताही गुन्हा डोळ्यांसमोर नव्हता, सबब अटकेचा प्रश्नच नव्हता. जेकब्स यांनी त्याच्या पॅरोल अधिकाऱ्याशी संपर्क साधला आणि मुलींचा उल्लेख केला, तेव्हा त्याला मुली नाहीतच, असे उत्तर मिळाले. 26 तारखेला तो पॅरोलच्या कचेरीत हजर झाला. त्याच्याबरोबर बायको होती, त्या दोन मुली होत्या आणि एक तरुण स्त्री होती. 1991 च्या जून महिन्यात, वयाच्या अकराव्या वर्षी, रस्त्यावरून पळवून नेलेली मुलगी ती हीच, आणि या दोन मुली तिच्याच, हे सत्य त्या दिवशी बाहेर आले. अठरा वर्षे ती त्याच्या घरामागील अंगणात कोंडलेली होती.

कॅम्पबेल आणि जेकब्स यांपैकी एकीलाही डिटेक्टिव्हचा हुद्दा नव्हता. पण तपासाचे मर्म त्यांच्या वागण्यात जितके स्वच्छ दिसते तितके मी क्वचितच पाहिले आहे. फिकटपणा हे आजाराचे लक्षण असू शकते, पाठ केल्यासारखी उत्तरे कडक शिस्तीतून येऊ शकतात, आणि विक्षिप्त धर्ममत बाळगण्याचा अधिकार तर त्या देशाच्या संविधानानेच प्रत्येकाला दिला आहे. यांपैकी एकाही चिन्हाची गुन्ह्याशी व्याप्ती नाही. त्यांवरून थेट निष्कर्ष काढला असता तर तो हेत्वाभासच ठरला असता. या दोघींनी निष्कर्ष काढलाच नाही. त्यांनी आपला संशय संशयाच्याच पायरीवर धरून ठेवला आणि त्याला प्रमाणापुढे उभे केले. शिवाय, आणि मला हे अधिक मोलाचे वाटते, त्यांचा संशय त्या माणसाच्या श्रद्धेवर रोखलेला नव्हता. तो त्या मुलींच्या काळजीतून उपजला होता.

संशय नेहमीच इतका निर्मळ असतो असे मात्र नाही. 2018 च्या मे महिन्यात येल विद्यापीठातच एक कृष्णवर्णीय विद्यार्थिनी आपल्या वसतिगृहाच्या सामायिक खोलीत लेखन करता करता झोपी गेली असता, तेथेच राहणाऱ्या एका गौरवर्णीय विद्यार्थिनीने पोलिसांना बोलाविले, आणि आपण येथील रहिवासी आहोत हे त्या मुलीला ओळखपत्र दाखवून सिद्ध करावे लागले. येथे विचारपूस झाली, दाखला मागितला गेला, नोंदी ताडून पाहिल्या गेल्या. बर्कलीतील तपासाशी बाह्यतः साम्य दिसेल. पण कोणाच्या हितासाठी हा खटाटोप झाला, असे विचारले तर उत्तर सापडत नाही. झोपलेल्या माणसापासून कोणालाही भय नव्हते. भय होते ते पाहणारीच्या मनात. ज्या संशयाला संरक्षण करण्याजोगे कोणी नसते, तो कितीही शिरस्त्याने चालविला तरी अपमानच राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

अपमानाच्या या भयाने संशयच सोडून द्यावा काय? त्याचेही उदाहरण बर्कलीच्याच प्रकरणात आहे. 2006 मध्ये गॅरिडोच्या एका शेजारणीने पोलिसांना कळविले होते की, त्याच्या मागील अंगणात तंबूंतून माणसे राहतात आणि त्यांत मुलेही आहेत. शेरीफचा शिपाई गेला, घराच्या पुढल्या बाजूस त्याच्याशी बोलला, आणि अंगणात पाऊल न टाकता परतला. पॅरोलचे अधिकारी तर वर्षानुवर्षे त्या घरी येत-जात होते. यांतील कोणाला दुष्ट म्हणण्याचे कारण नाही. गृहस्थाच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला, इतकेच. परंतु जो विश्वास पाहण्याचे श्रम वाचवितो त्याला औदार्य म्हणण्यास माझे मन तयार होत नाही, कारण त्याची किंमत विश्वास ठेवणाऱ्याने दिली नाही. ती अंगणातल्या तिघींनी आणखी जवळजवळ तीन वर्षे दिली. 2009 मध्ये स्वतः शेरीफने लोकांपुढे येऊन, आपल्या माणसाने अधिक चौकसपणा दाखवावयास हवा होता, असे कबूल केले आणि क्षमा मागितली. कोणावर संशय घेतल्याबद्दल मागितलेल्या क्षमा आपण पुष्कळ ऐकतो. तो न घेतल्याबद्दल मागितलेली ही क्षमा मला तितकीच आवश्यक वाटते.