आधी प्लग लावू नकोस

चि. सोनू,


तुझं पत्र मिळालं. जुन्या बाजारात दोन रेकॉर्ड प्लेअर पाहून ठेवले आहेस, एक इथलाच पेटीतला आणि दुसरा कुणीतरी अमेरिकेहून आणलेला. पणजीच्या ट्रंकेतल्या रेकॉर्डी ऐकायच्या आहेत, तर कुठला घेऊ, असं विचारलंस. इथला घे. का ते पुढे सांगतो. पण एक गोष्ट आधी पक्की कर. त्या ट्रंकेत बालगंधर्व आहेत, हिराबाई बडोदेकर आहेत. ते त्यांच्या स्वतःच्या सुरात गायले पाहिजेत, एवढ्यासाठीच हे यंत्र घ्यायचं आहे. लाकडाची चमक, पितळी कोपरे, पुढची जाळी यांना भुलू नकोस. चमक शेवटी आणता येते, नाही आणली तरी चालते.

बाजारात तबकडी हाताने फिरवून बघ. जड फिरली तर विकणारा म्हणेल, मोटर गेली. बहुतेक वेळा मोटर गेलेली नसते, बेअरिंगमधलं ग्रीस सुकून चिकट झालेलं असतं. ते पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब दिला की चाक मोकळं होतं. भाव करताना मात्र त्याचंच म्हणणं धरून बोल. मग तबकडी उचलून खालचं रबराचं चाक बघ. मोटरची दांडी या चाकाला फिरवते आणि चाक तबकडीला. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिलं की त्याला खळगा पडतो, आणि गाण्यामागे सतत ढप् ढप् ऐकू येतं. रबर कडक झालेलं पण गोल असेल तर स्पिरिटच्या फडक्याने पुसून भागतं. खळगा असेल तर नवं रबर चढवून घ्यावं लागेल, तेवढे पैसे कमी करून माग. स्पीकरचा कागद बोटांनी अलगद दाब, आत घासल्याचा आवाज आला तर कॉइल अडकते आहे.

मागचं झाकण उघडायला लाव, आणि नाही म्हणाला तर चालू लाग. आत काचेचे व्हॉल्व्ह जागेवर आहेत का, हे महत्त्वाचं. हल्ली असल्या पेट्यांमधलं मूळचं सगळं उपसून आत ब्लूटूथचं किट बसवतात आणि वर ‘रिस्टोअर केलाय’ म्हणून दुप्पट भाव लावतात. मला याचा फार त्रास होतो. असली पेटी फुकट मिळाली तरी आणू नकोस.

घरी आणल्यावर प्लग लावू नकोस. हे मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे. आतल्या मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो व्होल्टेज मिळत राहिलं तरच टिकतो. वीस-पंचवीस वर्षं पडून राहिलेल्या सेटमध्ये तो थर विरलेला असतो. एकदम 230 व्होल्ट दिले की कंडेन्सर भसकन करंट ओढतो आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. म्हणून सिरीज बोर्ड वापरायचा. कोणताही जुना वायरमन पंधरा मिनिटांत करून देईल. एक होल्डर, एक सॉकेट, आणि होल्डरमध्ये 60 वॉटचा तारेचा पिवळा बल्ब, एलईडी नव्हे. प्लेअर त्या सॉकेटमध्ये लावायचा आणि नजर बल्बवर ठेवायची. क्षणभर उजळून हळूहळू लालसर झाला तर आत बरं आहे. तसाच लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. बंद कर. त्या दिवशी बल्ब पेटला म्हणून ट्रान्सफॉर्मर वाचला, असं समज.

बल्ब लालसर झाला तरी पूर्ण व्होल्टेज द्यायच्या आधी आऊटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर जाणारा कागदी कंडेन्सर बदलून घे. त्या काळातले हे कंडेन्सर आज जवळपास सगळेच गळके झालेले असतात. त्यातून डीसी झिरपतं, व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त करंट ओढतो, आतली प्लेट लाल होते आणि आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कंडेन्सर तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांत थोड्या पैशांत मिळतो, तसा ट्रान्सफॉर्मर मात्र मिळायचा नाही. हे काम स्वतः करू नकोस. व्हॉल्व्ह सेटमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतं. शिवाय स्वस्त सेटमध्ये पैसे वाचवायला मेन ट्रान्सफॉर्मरच घालत नसत. अशा सेटची पत्र्याची चासी थेट लाइनला जोडलेली असू शकते. व्हॉल्यूमचं बटण निघालेलं असेल तर त्या उघड्या दांडीला हातसुद्धा लावायचा नाही.

मेकॅनिक शोधताना व्हॉल्व्ह सेट हाताळलेला म्हातारा माणूस शोध. त्याच्यापाशी बस, तो काय बदलतो ते बघ, काढलेले सुटे भाग पुडीत बांधून परत माग. आणि तो सांगेल ती मजुरी दे. भाव बाजारात करायचा, त्याच्याशी नाही.

आता सुईचं. आर्मच्या टोकाशी एक बारीक खटका असेल. तो एका बाजूला 78 दाखवतो आणि दुसऱ्या बाजूला एलपी. 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या लाखेच्या रेकॉर्डीची खाच रुंद असते, तिला साधारण 65 मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. एलपीची सुई 18 ते 25 मायक्रॉनची. ती जुन्या खाचेत तळाशी जाऊन बसते आणि तिथला सगळा कचरा वाजवते. खूप लोक खटका न फिरवता रेकॉर्ड लावतात, खरखर ऐकतात आणि रेकॉर्ड खराब झाली म्हणून भंगारात देतात. किती गाणी अशी गेली असतील! खटका बरोबर असूनही आवाज अगदी क्षीण असेल तर कार्ट्रिजमधला क्रिस्टल मेलेला असेल. रोशेल सॉल्टचा असतो तो, त्याला दमट हवा सोसत नाही. त्याच्या जागी सिरॅमिक कार्ट्रिज घाल. मॅग्नेटिक घालायला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. त्याचं आऊटपुट काही मिलिव्होल्टचं, या ॲम्प्लिफायरला ते पुरणार नाही.

आणि वेग. अमेरिकेचा प्लेअर घेऊ नकोस म्हटलं ते यासाठी. तो 110 व्होल्टचा आहे, त्याला ट्रान्सफॉर्मर लावून भागवता येईल. पण तिथली वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची, आणि ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. असल्या एसी मोटरचा वेग हर्ट्झवर चालतो. म्हणजे 78 ची रेकॉर्ड त्यावर मिनिटाला 65 फेरेच घेणार. मोटरवरची पुली बदलून ते सुधारता येतं, पण ती घडवून देणारा माणूस शोधावा लागेल. तुझ्या बाजाच्या पेटीवर बघ याचा अर्थ काय होतो. काळी चारमध्ये गाणारा माणूस थेट पांढरी चारच्या आसपास उतरतो. ताना सुस्तावतात, आवाज पोक्त होतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हे असेच गात असत. ज्या आवाजावर आपली माणसं जीव टाकायची, त्याच्याबद्दल हे यंत्र आपल्याशी खोटं बोलतं. मला हे सहन होत नाही.

म्हणून मोज. लेबलच्या कडेला कागदाची चिठ्ठी ठेव, सुई रेकॉर्डवर टेकवलेली असू दे, आणि अर्धा मिनिट फेरे मोज. एकोणचाळीस हवेत. याहून नेमकं हवं असेल तर 77 रेघांची स्ट्रोबोस्कोप चकती मिळते. आपल्या विजेवरच्या जुन्या पिवळ्या बल्बखाली तिच्या रेघा स्थिर दिसल्या पाहिजेत. मात्र 1925 च्या सुमारास विजेच्या माइकवर ध्वनिमुद्रण सुरू झालं, त्याआधीच्या रेकॉर्डींचा वेग नेमका 78 असेलच असं नाही. तिथे चकती मागे पडते आणि पेटी पुढे येते. साथीची पेटी कुठल्या पट्टीत आहे ते तुझ्या पेटीवर लावून बघ. गाण्याची एवढी तालीम घेतली आहेस, कळेल तुला.

रेकॉर्डी पुसायला स्पिरिट वापरू नकोस. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात ना, रेकॉर्ड त्याच लाखेची आहे, तीही विरघळते. कोमट पाण्यात साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, खाचेच्या दिशेने पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं, आणि सावलीत उभी वाळवायची.

पहिल्या दिवशी पणजीच्या रेकॉर्डी लावू नकोस. त्याच बाजारातून एखादी कडा उडालेली, कुणालाच नको असलेली 78 आण आणि तिच्यावर सगळे प्रयोग कर. सिरॅमिक कार्ट्रिज तिथे मिळालं नाही तर कळव, माझ्या खणात एक आहे. पोस्टाने नको, पुढच्या महिन्यात येतोय तेव्हा हातानेच आणतो.

तुझा
मामा