मेंढीच्या डोक्याचा मासा



प्रभू येशूने शिमोन पेत्राला माणसे धरण्याचे काम दिले, हे आजचे शुभवर्तमान आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माणसे धरायची म्हणजे नेमके काय करायचे, याचा विचार मात्र आपण फारसा करीत नाही. आज आम्ही तो एका दूरदेशीच्या माशाच्या निमित्ताने करणार आहोत.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात शीप्सहेड नावाचा मासा मिळतो. नावाचा अर्थ मेंढीचे डोके. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका खाडीला याच माशाचे नाव पडले आहे. रुपेरी अंगावर काळे उभे पट्टे असतात, म्हणून त्याला तिथे कैदी मासाही म्हणतात. त्याने तोंड उघडले की आपण दचकावे, कारण समोर अगदी माणसासारखे दात! आत दाढांच्या रांगा. या दातांनी तो पुलांच्या आणि धक्क्यांच्या खांबांना चिकटलेली कालवे खरवडतो, कुर्ल्या फोडतो, मांस गिळतो आणि कवच थुंकून टाकतो.

गळ टाकणारे त्याच्यासाठी लहान जिवंत कुर्ली किंवा कोळंबी लावतात. तरीही तो इतक्या हळूच कुरतडतो की हाताला कळेपर्यंत गळ रिकामा झालेला असतो. तो चावण्याच्या आधीच दोरी ओढावी, अशी तिथल्या लोकांची थट्टा आहे. खोटे आमिष वापरून त्याला धरणे तर आणखी कठीण. चकाकणारे पत्रे, रंगीत प्लॅस्टिकचे मासे यांच्या मागे दुसरे मासे धावतात; हा धावत नाही, कारण त्याचे अन्न खांबाला चिकटून बसलेले असते. हट्टी माणसे मग मऊ प्लॅस्टिकची कुर्ली शिशाचे वजन असलेल्या गळावर चढवतात, खांबालगत तळाशी सोडतात आणि जवळजवळ न हलवता धरून बसतात. एवढे करूनही पुष्कळदा तिला कोळंबीचा वास चोळावा लागतो किंवा कोळंबीचा तुकडा टोचावा लागतो. खोटे खपावे म्हणून त्याला खऱ्याचा तुकडा जोडायचा!

इथे प्रवचनकाराला मोह होतो की, खोटे आमिष टाळा, खरे द्या, असे सांगून मोकळे व्हावे. आम्हांला तसे म्हणता येत नाही. खऱ्या कुर्लीच्या पोटातही गळच असतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना प्लेटोचा 'सोफिस्ट' हा संवाद अभ्यासाला येतो. त्यात व्याख्या कशी करावी हे दाखवण्यासाठी सोपे उदाहरण म्हणून गळ टाकणारा माणूस निवडला आहे. लगेच पुढे, पैसे घेऊन शिकवणाऱ्या सोफिस्टाची पहिली व्याख्या येते ती श्रीमंत तरुणांचा शिकारी अशी. गळवाला आणि गोड बोलणारा गुरू हे प्लेटोला जवळचे नातेवाईक वाटले. आम्हां धर्मगुरूंनी ही पाने अधूनमधून वाचावीत.

पवित्र शास्त्रातही माणसांना गळाने ओढण्याची प्रतिमा आहे, पण कोणाच्या हातात? हबक्कूक संदेष्ट्याच्या ग्रंथात लोकांना गळाने वर काढणारा हा निर्दय परका विजेता आहे. नव्या करारात गळ एकदाच येतो, तोही मंदिराचा कर भरण्यापुरता, मत्तयच्या सतराव्या अध्यायात. पेत्राच्या हातात जाळे आहे. आपल्या वसईच्या कोळीबांधवांची डोल आठवा. खुंटांना बांधलेली, भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडून उभी असते. तिला आमिष लागत नाही. अर्थात जाळ्यातला मासाही मरतोच. म्हणूनच संत लूकने पेत्राच्या कामासाठी वापरलेला ग्रीक शब्द आम्हांला फार मोलाचा वाटतो. त्याचा अर्थ जिवंत धरणे.

आमिष हा शब्द आपल्या देशात आपल्याला टोचतो, कारण तो आरोप म्हणून आपल्यावर फेकला जातो. ओडिशाने 1967 साली आणि मध्य प्रदेशाने 1968 साली प्रलोभनाने होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले, सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली ते वैध ठरवले. आपण रागावतो. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्याही आधी, 7 डिसेंबर 1965 रोजी, मिशनकार्यावरील आदेशात हेच बजावले होते की कोणालाही जबरदस्तीने वा युक्त्या-क्लृप्त्यांनी श्रद्धेकडे ओढू नये. तो नियम आपला स्वतःचा आहे. तो परक्यांशी वागताना पाळायचा आणि आपल्याच लेकरांशी वागताना मोडायचा, हे कसे चालेल?

धर्मशिक्षणाच्या वर्गांत हजेरी घटली आहे म्हणून पूर्ण हजेरीला मोठी बक्षिसे ठेवावीत, शेवटी लकी ड्रॉ काढावा, अशी सूचना काही पालकांनी केली आहे. हेतू चांगला आहे, त्यांचा आम्ही आदर करतो. सहलीला, खाऊला आमची हरकत नाही. मुले आहेत, त्यांना आनंद हवाच. परंतु बक्षिसासाठी येणारे मूल दृढीकरण होताच निघून जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याला दात आहेत. मांस गिळून कवच थुंकायला ते शिकते, आणि आपण रिकामी दोरी ओढत बसतो.

तेव्हा यंदा लकी ड्रॉ होणार नाही. त्याऐवजी गेल्या दोन वर्षांत वर्ग सोडलेल्या मुलांच्या घरी जायचे आहे. हजेरी विचारायची नाही, वही न्यायची नाही, चहा घेऊन बसायचे आणि ऐकायचे. आम्ही स्वतः जाणार आहोत. सोबत येऊ इच्छिणाऱ्यांनी, विशेषतः आजी-आजोबांनी, येत्या शनिवारी सायंकाळच्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीजवळ भेटावे.