अन्नदाता कोण?

‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही म्हण ज्या शहराने आपल्याला शिकवली, तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना बाहेरच्या खाण्याचे वावडे असण्याचे कारण नाही. सकाळचा लोचो, चंदी पडव्याची घारी, हिवाळ्यातला पोंक हे आपण विकतच आणतो. तरीही रविवारी संध्याकाळी चूल बंद ठेवून सारे घर हॉटेलात निघाले, किंवा पोळीभाजीचा डबा बाहेरून आला, की ज्येष्ठांच्या कपाळावर आठी उमटते. ‘परान्न’ हा जुना शब्द ओठांवर येतो. ही आठी न्याय्य आहे काय?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तयार जेवणाचे सुख नवे आहे ते गृहिणीला. पुरुषवर्ग तर पूर्वापार तयार ताटावरच बसत आला आहे. ज्याने कधी कणीक मळली नाही, त्याने विकतच्या पोळीला आळस म्हणावे, यात नीतीपेक्षा सवयीचाच भाग अधिक. घरातील स्त्रीला एका संध्याकाळची उसंत मिळत असेल, तर त्या आनंदात अधर्म शोधू नये.

परंतु एवढ्याने प्रश्न मिटत नाही. श्रम नाहीसे होत नाहीत, ते केवळ हात बदलतात. मुंबईच्या गिरणगावात घरापासून दूर राहणाऱ्या कामगारांना खाणावळवाल्या बायकांनी जेवू घातले. त्या स्वतः मात्र सावकाराच्या व्याजात अडकलेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले आणि अशा स्त्रियांना बँकांच्या कर्जाची वाट मोकळी होऊ लागली. जेवणारा आपले पैसे चुकते करी, तरी जेवू घालणारी ऋणातच राही.

आपल्या सुरतेत १९९४ च्या प्लेगनंतर महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी उपाहारगृहांच्या स्वच्छतेबाबत कठोर धोरण अवलंबिले. त्यामागे खाणाऱ्याच्या प्रकृतीची काळजी होती, आणि ती योग्यच होती. टेबल पुसणाऱ्या पोराची दखल कायद्याने त्याहून उशिरा घेतली. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेले, ढाबे व घरकाम यांत ठेवण्यास देशभर बंदी झाली ती १० ऑक्टोबर २००६ पासून.

जेवण आटोपल्यावर ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणण्याची आपली रीत आहे. हॉटेलात हा अन्नदाता कोण? बिल देणारा कुटुंबप्रमुख, की आत भट्टीपाशी घामाघूम झालेला आचारी? पैशाने पदार्थाची किंमत फिटते. त्या आशीर्वादातले देणे मात्र उरते. ते फेडण्यास फार काही लागत नाही. ताटात टाकू नये, वाढणाऱ्याला ‘अरे-तुरे’ करू नये, आणि कोवळ्या हातांनी कप विसळले जात असतील तर मालकाला तसे स्पष्ट सांगून उठावे. एवढे पाळले, तर बाहेरचे जेवणही परके राहत नाही. हे न पाळता घरी जेवले, तर तेही परान्नच होय.